छडी खाली ठेवल्यानंतर

मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे, कपाट आणि भिंत यांच्या सांदीत उभी असलेली वेताची छडी ज्यांनी पाहिली आहे, किंबहुना तिचा प्रसाद ज्यांच्या तळहातांना पोचलेला आहे, अशी पिढी अद्याप हयात आहे. आणि ती छडी तेथून नाहीशी झाली याची त्या पिढीतील कित्येकांना आजही मनापासून हळहळ वाटते. बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली, आणि सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्याची मुखत्यारीही शाळेकडे ठेवली नाही. कायदा योग्य होता, आणि त्याला उशीरच झाला होता, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चहाचे पेले हाती असताना जी तक्रार हटकून ऐकू येते, की ‘छडी तर काढून घेतली, पण तिच्या जागी आमच्या हाती काय दिले?’, ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. हात रिकामा राहिला म्हणजे तो सवयीने जुनेच काहीतरी उचलतो. म्हणून आज छडी नसली तरी वर्गाबाहेर उभे करणे आहे, चारचौघांत बापाचा उद्धार करणारे टोमणे आहेत, डायरीतला लाल शाईचा शेरा आहे, ‘उद्या पालकांना घेतल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचे नाही’ असा हुकूम आहे, आणि नववीत पोचलेल्या मुलासाठी ‘दाखला घे आणि चालू लाग’ ही धमकी आहे.

या लेखात मी जी पद्धत मांडणार आहे तिला ग्रंथांत ‘पुनःस्थापक न्याय’ असे नाव रूढ होत आहे. नाव जड आहे. आम्ही शाळेत तिला ‘सांधणारा न्याय’ म्हणू लागलो, आणि मुलांनाही तेच सोपे वाटले. एका ग्रामीण माध्यमिक शाळेत प्रथम शिक्षिका आणि नंतर मुख्याध्यापिका म्हणून काम करताना ही पद्धत मी आधी चुकीची वापरली आणि मग हळूहळू शिकले, तेव्हा पुढील मजकुरात जे सांगेन त्यातील बराच भाग मी केलेल्या चुकांतून आलेला आहे, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

मुळातला विचार थोडक्यात असा. एखाद्या मुलाने आगळीक केली की शाळा तीन गोष्टींची चौकशी करते: नियम कोणता मोडला, तो कोणी मोडला, आणि त्याला शिक्षा कोणती. या चौकशीत नियम आहे, नियम मोडणारा आहे, शिक्षा करणारा आहे. ज्याचे नुकसान झाले तो मात्र कोठेच नाही, आणि असला तरी तो साक्षीदारापुरता आहे. हॉवर्ड झेर या अमेरिकन अभ्यासकाने १९९० साली ‘चेंजिंग लेन्सेस’ या ग्रंथात हीच उणीव दाखवून निराळी चौकशी सुचविली: कोणाचे काय बिघडले, त्याला आता कशाची गरज आहे, आणि ती पुरी करण्याचे कर्तव्य कोणाकडे लागते. आपल्या व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर आगळीक हे देणे आहे, आणि ते देणे शाळेचे नसून ज्याला इजा पोचली त्या मुलाचे आहे. छडीचे चार फटके खाल्ले की मुलाला वाटते, फिटले. परंतु ते ज्याच्या खाती जमा व्हायचे त्याच्या पदरी छदामही पडलेला नसतो. शिक्षेवर माझा खरा आक्षेप ती कठोर असते हा नाही. ती मुलाला फार स्वस्तात सोडते, हा आहे.

या विचाराचा उगम शाळेत झालेला नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात एल्मायरा नावाचे गाव आहे. तेथे १९७४ साली दोन तरुणांनी एका रात्री दारूच्या नशेत बावीस ठिकाणी नासधूस केली. मोटारींचे टायर कापले, खिडक्या फोडल्या. मार्क यान्ट्झी नावाच्या परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीश गॉर्डन मॅककॉनेल यांच्यापुढे अशी विलक्षण तजवीज ठेवली, की या दोघांना ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारी पाठवावे. न्यायाधीशांनी ती मान्य केली. ते दोघे घरोघर गेले, समोर उभे राहिले, लोकांचे ऐकून घेतले, आणि पुढे काही महिन्यांत त्यांनी भरपाईही चुकती केली. त्या दोघांतील एक जण कालांतराने स्वतः याच कामात पडला. न्यूझीलंडने १९८९ साली कायदा करून अल्पवयीन मुलांच्या अपराधांत कुटुंबाची सभा बोलावण्याची रीत घातली, तिच्यामागे माओरी लोकांची एकत्र बसून तंटा मिटविण्याची जुनी परंपरा होती. आणि १९९४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये मार्ग थॉर्सबोर्न यांनी शाळेतील एका गंभीर मारहाणीच्या प्रकरणात तशीच सभा बोलाविली, तेथून ही रीत जगभरच्या शाळांत शिरली.

आपल्याकडे हा विचार अगदीच परका नाही. टॉलस्टॉय फार्मवर मुलांना शिकवीत असताना एका उच्छृंखल मुलाला गांधीजींनी रूळ मारला होता. मारताना आपण स्वतः कापत होतो, हे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे, आणि त्या कृत्याचा पश्चात्ताप त्यांना पुढे अनेक वर्षे राहिला. मुलगा रडला तो मार लागला म्हणून नव्हे, हे त्यांच्या ध्यानी आले होते. मारणाऱ्याचे दुःख त्याला दिसले, म्हणून तो रडला. माझ्या मते सगळी किल्ली तेथे आहे. आपल्या कृत्याने दुसऱ्या माणसाला काय झाले, हे मुलाला प्रत्यक्ष दिसावे लागते.

आता एक प्रकरण मी जवळून सांगते, कारण पद्धत म्हणून जे काही सांगायचे ते त्यात बहुतेक येऊन जाते.

आठवीच्या वर्गातला एक मुलगा पाच किलोमीटरांवरच्या वाडीतून सायकलने येत असे. सायकल जुनीच होती, पण ती बापाने शेळी विकून घेतलेली होती. जुलैमधल्या एका पावसाळी दिवशी वर्गातल्याच दुसऱ्या मुलाने कंपासपेटीतील कर्कटकाने तिच्या दोन्ही ट्यूबा फोडल्या आणि व्हॉल्व्ह काढून गटारात फेकले. शिपायाने ते पाहिले. जुना शिरस्ता असता तर प्रकरण दुपारपर्यंत निकालात निघाले असते: बाकावर उभे करणे, बापाला बोलावणे, बापाने कचेरीतच सर्वांदेखत थोबाडीत मारणे, शंभर-दोनशे रुपये दंड, इति.

त्याऐवजी मी प्रथम त्या मुलाशी ग्रंथालयाच्या खोलीत एकटीने बोलले. येथे पहिली सूचना देते: ‘का केलेस?’ हा प्रश्न विचारू नये. ‘का’ या एका अक्षरात आरोप आणि निकाल दोन्ही असतात, आणि मुलाजवळ त्याचे उत्तर एकच असते: ‘उगीच.’ त्याऐवजी ‘काय झाले ते पहिल्यापासून सांग’, ‘त्या वेळी मनात काय चालले होते’, ‘त्यानंतर काय वाटत राहिले’, आणि ‘याचा त्रास कोणाकोणाला झाला असेल असे तुला वाटते’ असे विचारावे. प्रश्न शांतपणे, याच क्रमाने, आणि उत्तराची घाई न करता विचारावेत. शेवटच्या प्रश्नाला त्याने एकच बोट मोडले: सायकलवाला. दुसरे बोट त्याला सापडेना. मी सापडवून दिले नाही, कारण ते काम माझे नव्हते.

मग सायकलवाल्याशी बोलले, तेही एकांतात. ज्याला इजा झाली त्याला विचारायचे प्रश्न निराळे: ‘तुला ते कळले तेव्हा काय वाटले’, ‘सर्वांत जड काय गेले’, ‘आता काय झाले म्हणजे तुला बरे वाटेल’. मला वाटले होते, तो चिखलातून केलेली पायपीट सांगेल. तो म्हणाला, ‘चालण्याचं काही नाही, बाई. सायकल ओढत फाटकातून निघालो तेव्हा स्टँडवरची सगळी पोरं हसली, ते.’ थोड्या वेळाने, मी काही न विचारताच, खाली मान घालून त्याने आणखी एक गोष्ट सांगितली: महिनाभर तो त्या दुसऱ्या मुलाला त्याच्या बापाच्या नावाने हाका मारीत होता आणि दारू प्यालेल्या माणसाची झोकांडी चाल वर्गात करून दाखवीत होता. ही कैफियत कोणत्याही चौकशीच्या कागदावर कधीच आली नसती.

या स्वतंत्र भेटींना मी सर्वाधिक महत्त्व देते. दोन्ही बाजूंशी आधी बोलल्यावाचून सर्वांना एकत्र बसवू नये. एकदा, दोनदा, लागल्यास तीनदा भेटावे. समोर कोण कोण असेल, काय विचारले जाईल, हे दोघांना आधीच ठाऊक असावे. ज्याने केले त्याने ‘केले’ एवढे तरी कबूल केलेले असावे, आणि ज्याला सोसावे लागले त्याने बसण्यास मनापासून होकार दिलेला असावा. या दोहोंपैकी एक जरी नसेल तर बैठक तहकूब ठेवावी, किंवा भरवूच नये.

आमची बैठक शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, चित्रकलेच्या वर्गात भरली. नऊ खुर्च्या गोल मांडल्या, मधले टेबल मुद्दाम काढून टाकले. ती दोन मुले, त्यांनी स्वतः निवडलेला एकेक मित्र, सायकलवाल्याची आई, दुसऱ्या मुलाची आजी, वर्गशिक्षक, ज्याने पाहिले तो शिपाई, आणि मी. हातात एक लाकडी भोवरा फिरत ठेवला. ज्याच्या हाती भोवरा तो बोलणार, बाकीचे ऐकणार. वाचकांना हा पोरखेळ वाटेल, परंतु मोठ्या माणसांना मध्येच तोंड घालण्यापासून परावृत्त करण्यास याहून सभ्य उपाय मला आढळलेला नाही. भोवरा मुख्याध्यापिकेलाही लागू होता, आणि हा नियम मलाच सर्वांत कठीण गेला.

भोवरा आईच्या हाती आला. तिने तो पदरात धरला आणि म्हणाली, ‘दिवेलागण झाली तरी पोर आलं नाही. ओढ्याला पाणी चढलं होतं. धाकटीला शेजारी टाकून मी फाट्यापर्यंत आले. बॅटरीचा सेल संपत आलेला. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, माझं पोर दिसलं का.’ एवढेच. तिचा आवाज चढलेला नव्हता. त्यानंतर जी शांतता पसरली ती मी मोडली नाही. वर्गशिक्षक काही बोलू पाहत होते, त्यांना मी नजरेने थांबविले. बऱ्याच वेळाने तो मुलगा म्हणाला, ‘मला वाटलं होतं, तो एस.टी.नं जाईल.’ मग म्हणाला, ‘ओढ्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं.’ माफी माग असे त्याला कोणीही सांगितले नव्हते. ती त्याने मागितली, आणि आईकडे पाहून मागितली. त्यावर सायकलवाल्याने भोवरा मागून घेतला आणि बापाच्या नावाची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगितली. ती ऐकताना आजीने डोळ्यांना पदर लावला.

ठराव चार ओळींत झाला. ट्यूबा आणि व्हॉल्व्ह त्या मुलाने सायकल दुकानात स्वतः बसवून द्यायचे, दुकानदार शिकवील. पैसे आजी देईल आणि तो सुट्टीत तिच्या हाताखाली काम करून फेडील. स्टँडवर जी मुले हसली होती त्यांच्यापुढे, शाळा सुटल्यावर, ‘ट्यूबा मी फोडल्या, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं’ एवढे तो सांगेल. ही मागणी सायकलवाल्याची होती आणि ती त्या मुलाने मान्य केली. बापाच्या नावाने हाक मारणे बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा पाच मिनिटे बसायचे. दोघांनी सह्या केल्या, आईने अंगठा न देता सही केली, आणि आजीने सर्वांना घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चिक्कीचे तुकडे वाटले. बैठक एकूण पन्नास मिनिटे चालली.

या ठरावाविषयी दोन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. पहिली, त्यातील प्रत्येक कलम ज्याचे बिघडले त्याच्या गरजेतून निघाले होते. ‘शाळेचे मैदान झाडेल’ किंवा ‘शंभर वेळा लिहून आणील’ असले कलम कोणी सुचविले तर ते नम्रपणे बाजूस सारावे, कारण मैदान झाडल्याने सायकल दुरुस्त होत नाही. दुसरी, ठरावाला मुदत असावी आणि तो पाळला की नाही हे पाहणारा माणूस नेमलेला असावा. बैठक गोड झाली आणि पुढे कोणी विचारपूस केली नाही, तर मुले त्यातून एवढेच शिकतात की मोठ्यांपुढे डोळे पुसले की सुटका होते.

आता माझी चूक सांगते. याच्या कितीतरी आधी, सांधणारा न्याय म्हणजे ‘माफी मागायला लावणे’ अशी माझी समजूत होती. सातवीतल्या एका मुलीने दुसरीविषयी घाणेरडी अफवा उठविली होती; मी प्रार्थनेच्या वेळी, साऱ्या शाळेसमोर, पहिलीला दुसरीची माफी मागायला लावली, दोघींचे हात एकमेकींच्या हातात दिले, आणि कर्तव्य बजावल्याच्या समाधानात वर्गावर गेले. जिच्यावर अफवा उठली होती ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत येईना. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, ‘बाई, वर्गातल्या दहा जणींनाच माहीत होतं. आता सगळ्या शाळेला माहीत झालं.’ तेव्हापासून जाहीर माफी या प्रकारास मी कायमचा निरोप दिला. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ च्या आपल्या ग्रंथात लज्जेचे दोन प्रकार मानले आहेत: एक माणसाला समाजाबाहेर ढकलणारी, दुसरी त्याला कृत्याची लाज वाटू देऊन पुन्हा आत घेणारी. मी त्या सकाळी दोन मुलींना पहिल्या प्रकारची लाज दिली होती, आणि त्यांतली एक तर सर्वस्वी निरपराध होती.

आपणांपैकी जे शिक्षक हे काम आरंभू इच्छितात त्यांना माझा आग्रहाचा सल्ला असा, की तंट्यापासून आरंभ करू नका. ज्या वर्गाला गोल बसून एकमेकांचे ऐकण्याची मुळी सवयच नाही, तो वर्ग भांडणाच्या दिवशी अचानक गोल बसविला तर तो गोल न्यायालयासारखाच भासेल. आठवड्यातून एकदा, एखाद्या ऑफ तासाला किंवा शनिवारच्या शेवटच्या तासाला, वीस मिनिटे बाक भिंतीकडे सरकवून बसावे. विषय साधे असावेत: या आठवड्यात कोणी मदत केली, घरी कोणते काम अंगावर आहे, शाळेत कोणत्या जागेची भीती वाटते. (या अखेरच्या प्रश्नावरून मुताऱ्यांमागच्या बोळात काय चालते ते मला कळले, तोवर मला ठाऊक नव्हते.) बोलायचे नसेल त्याने भोवरा पुढे द्यावा, त्याला आग्रह करू नये. साठ मुलांच्या वर्गाचे काय, असा प्रश्न येईल. तेथे तीन गट पाडून प्रत्येक आठवड्याला एक गट असा क्रम लावावा, बाकीच्यांना लेखन द्यावे. जागा नसेल तर व्हरांडा चालतो. आंब्याच्या झाडाखाली तर उत्तमच चालते.

पालकांविषयी. शाळेचा निरोप घरी गेला की बहुतेक घरांत मुलाला आधी मार बसतो आणि मग कारण विचारले जाते. म्हणून निरोपाच्या चिठ्ठीत ‘तुमच्या पाल्याने गैरवर्तन केले आहे, समक्ष हजर राहावे’ असे लिहू नये. ‘एका प्रसंगात दोन मुलांचे बिनसले आहे, ते नीट करण्यासाठी आपली मदत हवी आहे, कृपया भेटीपूर्वी त्याला रागावू नये’ असे लिहावे, आणि शक्य तर शिपायाहाती न देता वर्गशिक्षकाने स्वतः फोन करावा. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकाला भर दुपारी बोलावणे म्हणजे त्याच्या मजुरीवर दंड बसविणे होय. वेळ त्याच्या सोयीची द्यावी. बाप येऊ शकत नसेल तर आजी, मावशी, चुलता, ज्याचा शब्द मुलाला लागतो असे कोणीही चालते. आणि पालकहो, आपल्याच मुलाचे नुकसान झाले असेल तेव्हा ‘त्याला कडक शिक्षा करा’ म्हणून हट्ट धरण्याआधी आपल्या मुलाला एकदा विचारावे, की त्याला नेमके काय हवे आहे. मुलांच्या मागण्या मोठ्यांच्या मागण्यांहून बहुधा नेमक्या असतात.

मर्यादा फार स्पष्ट सांगणे अवश्य आहे, कारण येथे चूक झाली तर ती सुधारता येत नाही. लैंगिक छळाचे कोणतेही प्रकरण, ते दोन मुलांमधले असो की मोठ्या माणसाचे असो, बैठकीत आणावयाचे नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये अशा गोष्टीची खबर पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि ती न देणे हाच गुन्हा आहे. तेथे ‘गावातली गोष्ट, शाळेची अब्रू, आपसांत मिटवू’ असे म्हणणारा प्रत्येक जण, मग तो संस्थाचालक का असेना, मुलाच्या विरुद्ध उभा असतो. जातीवरून अवमान झाला असेल तेथेही विशेष सावध असावे. चाळीस मुलांच्या वर्गात एखाद्या जातीचे मूल एकटेच असेल, आणि त्यालाच गोलात बसवून ‘तुला काय वाटले ते सांग’ म्हटले, तर आपण त्याच्यावर दुसरा भार टाकतो. शिवाय कायद्याचे त्याला असलेले संरक्षण बैठकीच्या गोडव्यात बुडविण्याचा आपल्याला अधिकार नाही. ज्या प्रदेशात जातपंचायतींनी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना वाळीत टाकले आणि ज्या राज्याला त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला, तेथे ‘सर्वांनी बसून निकाल करणे’ या शब्दांची भीती वाटणे रास्तच आहे. आपल्याकडे २००७ पासून चाललेल्या तंटामुक्त गाव मोहिमेतही दुबळ्या बाजूवर तडजोडीचा दाब येऊ नये ही काळजी नेहमीच घ्यावी लागली आहे. जातपंचायत निकाल देते, आणि बहिष्काराने तो बजावते. आपल्या बैठकीत निकाल देणारा कोणी नसतो, बाहेर घालविण्याची मुभा कोणाला नसते, आणि ज्याला इजा झाली त्याने ‘मला येथून जायचे आहे’ म्हटले की बैठक तेथेच संपते. हे तीन नियम पाळता येत नसतील तर बैठकच भरवू नये.

आणखी एक अडचणीची गोष्ट. कधी कधी आगळीक शिक्षकाची असते. वर्गात फीवरून, कपड्यांवरून, बोलीवरून मुलाचा पाणउतारा झालेला असतो. अशा वेळी शिक्षकही त्या खुर्चीवर बसण्यास तयार असला पाहिजे. आमच्या शाळेत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एका मुलासमोर बसून त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, त्या दिवसानंतर मुलांचा या पद्धतीवर जो विश्वास बसला तो माझ्या पन्नास भाषणांनी बसला नसता. अर्थात सतराव्या कलमाखाली येणारी गोष्ट झाली असेल तर सेवानियमांप्रमाणे होणारी कारवाई बैठकीमुळे टळत नाही, टळूही नये.

ही पद्धत रामबाण आहे असा दावा मी करीत नाही. अमेरिकेत ‘शून्य सहनशीलते’च्या नावाखाली किरकोळ कारणावरूनही मुलांना शाळेबाहेर घालविण्याचा प्रघात पडला होता, तेथील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेच्या कृतिगटाने २००६ साली त्याचा आढावा घेऊन, त्याने शाळा अधिक सुरक्षित झाल्याचे आढळत नाही असा निर्वाळा दिला. परंतु त्यावर उतारा म्हणून आणलेल्या सांधणाऱ्या पद्धतीचे फळही मिश्र आहे. पिट्सबर्ग शहरातील शाळांचा रँड या संस्थेने केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निलंबने घटली, शाळेचे वातावरण सुधारले असे शिक्षकांनी सांगितले, पण सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातील प्रगती मात्र खालावली. त्याच वर्षी इंग्लंडमधील चाळीस शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या प्रयत्नांनंतर मुलांमधली दादागिरी थोडी कमी झाली, मारामाऱ्यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. मी या आकड्यांतून एवढा बोध घेतला, की वर्गात शिकवण्याची वेळ आणि बाकीच्या मुलांची शांतता या गोष्टी बैठकीच्या उत्साहात खर्ची घालू नयेत. वर्ग उधळणाऱ्या मुलाला तासापुरते दुसऱ्या खोलीत, देखरेखीखाली, बसविण्यात काहीही गैर नाही. त्याला तेथे बसवून विसरून जाण्यात गैर आहे. दुसरे असे, की सगळ्या शाळेवर परिपत्रकाने ही पद्धत लादू नये. दोन शिक्षक, एक वर्ग, एक सत्र, एवढ्याने आरंभ करावा. ज्यांना तिच्यावर विश्वास नाही त्यांनी लांबून पाहावे.

कागदपत्रांबद्दल शेवटी. बैठकीची नोंद एका स्वतंत्र वहीत ठेवावी. त्यात तारीख, ठरावाच्या ओळी, मुदत आणि पाहणाऱ्याचे नाव एवढेच असावे, कोण काय बोलले ते लिहू नये. ही वही मुख्याध्यापकांच्या कुलपात राहावी. तिच्यातील एकही अक्षर प्रगतिपुस्तकात, डायरीत किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरू नये. शाळा व्यवस्थापन समितीला किती बैठका झाल्या आणि किती ठराव पाळले गेले एवढे सांगावे, नावे सांगू नयेत. ठराव पुरा झाला की मुलांना बोलावून त्यांच्यादेखत त्या नोंदीवर तिरपी रेघ मारावी.

सायकलीच्या प्रकरणी पुन्हा बसायला पंधरा दिवसांऐवजी बावीस दिवस लागले, कारण मधल्या आठवड्यात ओढ्याला पूर आला आणि वाडीची मुले शाळेत येऊ शकली नाहीत. त्या दिवशी दोघे आले ते एकाच सायकलवर, एक चालवीत आणि दुसरा कॅरिअरवर बसून. मागची ट्यूब अजून थोडी हवा सोडते, असे सायकलवाल्याने सांगितले. त्यावर दुसरा म्हणाला, की पॅच त्याने नवीन आणला आहे, शनिवारी बसवील. मी रेघ शनिवारनंतर मारली.